२४ वॅटच्या अडॅप्टरमधून २०० वॅट? घरच्या स्टिरिओसाठी क्लास-डी ॲम्प्लिफायर निवडताना

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून तामलवाडीला घरी आलो, तेव्हा आप्पा ओसरीवर मोबाइल कानाला लावून बसले होते. मला वाटलं कुणाशी तरी बोलतायत. जवळ गेलो तर फोनच्या स्पीकरवर भजन चालू होतं. आवाज फुल्ल, तरी फोन कानाला टेकवलेला.

आमच्याकडे चांगला स्टिरिओ होता. नव्वदच्या दशकात आप्पांनी सोलापुरात एका कारागिराकडून ॲम्प्लिफायर असेंबल करून घेतला होता आणि सोबत दोन लाकडी स्पीकर बॉक्स. दोन वर्षांपूर्वी एका रात्री डीपीवर न्यूट्रल तुटला, व्होल्टेज चढलं आणि घरातल्या दोन बल्बसोबत ॲम्पचा ट्रान्सफॉर्मरही जळाला. स्पीकर मात्र शाबूत होते. त्यांच्यावर कापड टाकून आईने वर फुलदाणी ठेवली होती.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, पण डिग्री इंजिनिअरिंगची. म्हटलं, यात काय अवघड आहे? ऑनलाइन शोधलं, तळहाताएवढा क्लास-डी ॲम्प दिसला. खोक्यावर '१०० वॅट + १०० वॅट', सोबत अडॅप्टर, ब्लूटूथ, बास-ट्रेबलची बटणं, किंमत दोन हजारांच्या आत. मागवला, जोडला, भजन लावलं. दहा मिनिटांत आप्पा म्हणाले, "आवाज फाटतोय रे." थोड्या वेळाने, "आणि मृदंग जोरात वाजला की बंदच पडतंय बघ."

मी लगेच दुसरा, चौदा-पंधरा हजारांचा ॲम्प मागवायला निघालो होतो. मागवला नाही हे बरं झालं. दोष ॲम्पच्या चिपचा नव्हताच. तो नेमका कुठे होता हे शोधताना जे कळलं, ते इथे लिहितोय. तुम्ही जुने स्पीकर पुन्हा जिवंत करणार असाल किंवा पहिलाच स्टिरिओ जुळवत असाल, तर पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे यातून कळेल.

क्लास-डी म्हणजे नेमकं काय?

आधी एक गैरसमज. क्लास-डी मधला 'डी' म्हणजे डिजिटल नव्हे. ॲम्प्लिफायरच्या पद्धतींना ए, बी, सी अशी अक्षरं दिली गेली होती, त्यांच्यापुढचं मोकळं अक्षर डी, एवढंच.

जुन्या ॲम्पमध्ये (बहुतेक क्लास-एबी) ट्रान्झिस्टर नळाच्या चावीसारखं काम करतो. गाणं जसं वर-खाली होईल तशी चावी कमी-जास्त उघडते. अर्धवट उघडलेल्या चावीत वीज अडते आणि तिची उष्णता होते. म्हणून जुन्या ॲम्पला मागे ॲल्युमिनियमचा मोठा हीटसिंक लागायचा.

क्लास-डीमध्ये चावी अर्धवट उघडतच नाही. पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद. सेकंदाला साधारण चार लाख ते सहा लाख वेळा, काही चिपमध्ये त्याहूनही जास्त. आवाज मोठा हवा असेल तर 'चालू'चा वेळ जास्त आणि 'बंद'चा कमी.

आमच्या भागातल्या माणसाला हे विहिरीच्या मोटारीवरून पटकन कळतं. मोटार एक तर चालू असते नाही तर बंद. 'अर्धी मोटार' असं काही नसतं. पण ती टाकीत पाणी टाकते आणि टाकीतून ठिबकला सारखी धार मिळते. क्लास-डीमध्ये टाकीचं काम कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर करतो. लाखो झटके एकसारखे करून तो स्पीकरला गुळगुळीत सिग्नल देतो. हा फिल्टर लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरं उदाहरण तुमच्या हातात आहे. बऱ्याच अमोलेड स्क्रीनच्या फोनमध्ये ब्राइटनेस कमी केला की पिक्सेल वेगाने चालू-बंद होतात आणि डोळ्यांना मंद उजेड दिसतो. तत्त्व तेच. आणि त्याच फोनचा छोटा स्पीकर वाजवणारी चिपसुद्धा बहुधा क्लास-डीच असते. बॅटरी वाचवायची तर दुसरा चांगला मार्गच नाही.

कल्पना जुनी आहे. १९६४ साली ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीने एक्स-१० नावाचा क्लास-डी ॲम्प किट स्वरूपात विकायला काढला होता, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर एवढ्या वेगाने उघडझाप करायला पुरे पडले नाहीत. वेगवान मॉसफेट स्वस्त झाल्यावर चित्र पालटलं. आज टीव्ही, साउंडबार, ब्लूटूथ स्पीकर, कार स्टिरिओ, सगळीकडे हेच आहे. त्यामुळे 'क्लास-डी चांगला की वाईट' हा प्रश्न आता जुना झाला. कोणता क्लास-डी, कोणत्या स्पीकरसाठी आणि कोणत्या घरात, हे खरे प्रश्न.

खोक्यावरचे वॅट विसरा, अडॅप्टर उलटा करा

माझ्या ॲम्पच्या खोक्यावर एकूण २०० वॅट लिहिले होते. अडॅप्टर उलटा करून पाहिला: १२ व्होल्ट, २ ॲम्पिअर. बारा दुणे चोवीस. म्हणजे आत येणारी वीज जास्तीत जास्त २४ वॅट. मग बाहेर २०० कुठून निघणार? विहिरीत एक परस पाणी असेल तर मोटार कितीही मोठी लावा, टाकी तेवढीच भरणार.

हा हिशोब तुम्हीही करू शकता. आजचे बहुतेक छोटे क्लास-डी ॲम्प 'ब्रिज' पद्धतीने जोडलेले असतात. त्यांच्यासाठी एका बाजूची जास्तीत जास्त स्वच्छ पॉवर साधारण अशी येते:

व्होल्ट × व्होल्ट ÷ (२ × स्पीकरचे ओहम)

आमचे बॉक्स ८ ओहमचे. तर वेगवेगळ्या अडॅप्टरवर एका बाजूला हे मिळतं:

- १२ व्होल्ट: ९ वॅट
- १९ व्होल्ट: साडेबावीस वॅट
- २४ व्होल्ट: ३६ वॅट
- ३२ व्होल्ट: ६४ वॅट
- ४८ व्होल्ट: १४४ वॅट

४ ओहमच्या स्पीकरला कागदावर याच्या दुप्पट आकडे येतात. प्रत्यक्षात वायर आणि चिपमध्ये थोडं कमी होतं, आणि चिपची स्वतःची मर्यादाही असते. शिवाय अडॅप्टरने तेवढे ॲम्पिअर द्यायला हवेत. ३२ व्होल्ट ५ ॲम्पिअरचा अडॅप्टर म्हणजे एकूण १६० वॅट. त्यातून दोन्ही बाजू मिळून १४०-१४५ च्या वर सलग काही निघणार नाही, जाहिरात काहीही म्हणो.

म्हणजे आप्पांना मिळत होते ९ वॅट. आवाज वाढवला की सिग्नल १२ व्होल्टच्या छताला आपटायचा आणि लाटेचं टोक सपाट व्हायचं. यालाच क्लिपिंग म्हणतात. आप्पा ज्याला 'फाटतोय' म्हणत होते ते हेच. क्लिपिंग नुसतं कानाला खुपत नाही. सपाट झालेल्या लाटेतून वरच्या पट्टीतली जादा ऊर्जा तयार होते आणि ती जाते ट्विटरकडे. छोटा ॲम्प पिळून वाजवल्याने ट्विटर जळतात ते यामुळेच.

मग किती वॅट लागतात?

हा हिशोब केला आणि मलाच हसू आलं.

स्पीकरच्या माहितीत 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो. घरगुती बॉक्सचा साधारण ८५ ते ९० डेसिबल. अर्थ असा की १ वॅट दिला तर १ मीटर अंतरावर एवढा आवाज. आपण ८७ धरू. आप्पा बसतात अडीच मीटरवर, तिथे आवाज थोडा कमी होतो. पण स्पीकर दोन आहेत आणि खोलीच्या भिंतीही आवाज परत पाठवतात. ढोबळ हिशोबाने १ वॅटला ८३ डेसिबलच्या आसपास पोचतो.

आता, समोरासमोर बसून बोलण्याचा आवाज साधारण ६० डेसिबल असतो. निवांत गाणी ऐकताना आपण सरासरी ७०-७५ वर असतो. म्हणजे रोजचं ऐकणं चालतं जेमतेम ०.१ वॅटवर!

मग ९ वॅट का कमी पडले? कारण गाणं सरासरीवर चालत नाही. मृदंगाची थाप सरासरीच्या १५ ते १८ डेसिबल वर उडी मारते. डेसिबलचं गणित असं आहे की दर १० डेसिबलला पॉवर दसपट लागते. आप्पांनी आवाज वाढवून सरासरी ७८ केली, की त्याला लागतात ०.३ वॅट. त्यावर १८ डेसिबलची थाप म्हणजे जवळपास ६३ पट, १९ वॅट. उपलब्ध ९. थाप फाटली.

आता वरची अडॅप्टरची यादी पुन्हा पाहा. १९ व्होल्टला साडेबावीस वॅट. म्हणजे १९ व्होल्टचा अडॅप्टर असता तर थाप बसली असती.

आणि ज्याच्यासाठी मी चौदा हजार घालायला निघालो होतो, त्या ४८ व्होल्टच्या ॲम्पने काय झालं असतं? २२ ऐवजी १४४ वॅट. ऐकायला प्रचंड फरक. प्रत्यक्षात ८ डेसिबल. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे सहापट वॅट घेऊन दुप्पटही मोठा वाटला नसता, आणि कुणी चुकून बटण फिरवलं असतं तर ते जुने बॉक्स त्या रात्रीच गेले असते.

चिपची नावं आणि त्यांचा अर्थ

बाजारात फिरलात की तीन पायऱ्या दिसतील.

पहिली पायरी, टीपीए३११६ घराणं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची ही चिप बहुतेक स्वस्त बोर्डांवर आणि छोट्या ॲम्पमध्ये असते. फोसी कंपनीचा बीटी२०ए याच चिपचा आहे. ४.५ ते २६ व्होल्टवर चालते. कंपनीच्या कागदावर ४ ओहमला, २१ व्होल्टवर, बाजूला ५० वॅट लिहिलेत. पण त्या आकड्यासोबत '१० टक्के विकृती'ची अट आहे. १० टक्के म्हणजे आवाज उघडउघड फाटलेला. स्वच्छ पॉवर त्याहून कमी धरा.

दुसरी पायरी, टीपीए३२५५. फोसीचा व्ही३, आयिमाचा ए०७ हे या चिपचे लोकप्रिय ॲम्प. ५३.५ व्होल्टपर्यंत जाते. ४ ओहमला बाजूला ३१५ वॅट हा आकडा जाहिरातीत दिसेल. तोही १० टक्के विकृतीवरचा आणि पूर्ण व्होल्टेजवरचा. १ टक्क्यावर २६० आहे. पण तोच ॲम्प ३२ व्होल्टच्या अडॅप्टरसोबत घेतलात तर ८ ओहमला तुमच्या हाती येतात ६०-६५. व्ही३ हा ३२ आणि ४८ अशा दोन्ही अडॅप्टरसोबत विकला जातो, तेव्हा किमतींची तुलना करताना कोणता अडॅप्टर आहे ते आधी बघा. चिपचं नाव एकच, ॲम्प दोन वेगळे.

तिसरी पायरी, हायपेक्स आणि प्युरिफाय. यामागे ब्रुनो पुत्झेस हा बेल्जियन अभियंता आहे. फिलिप्समध्ये असताना त्याने यूसीडी ही रचना केली, पुढे हायपेक्ससाठी एनकोर आणि मग प्युरिफायची आयगनटाक्ट. इथे विकृती इतकी कमी की मोजायला महागडी उपकरणं लागतात. किमतीही तशाच, पहिल्या पायरीच्या कित्येक पट. तुमचे स्पीकर पाऊण-एक लाखाचे असतील तर विचार करा. नाही तर ते पैसे स्पीकरमध्ये घाला.

स्वस्त बोर्डांवर आणखी एक गोष्ट तपासा: शांततेतला 'स्स्स'. टीपीए३११६ चिपचं गेन बोर्ड बनवणाऱ्याच्या हातात असतं. २०, २६, ३२ किंवा ३६ डेसिबल. आवाज 'मोठा' वाटावा म्हणून कुणी ३६ ठेवलं की सोबत खरखरही मोठी होते. टीपीए३२५५ ला ते साडेएकवीसवर ठरलेलं आहे. तपासायची पद्धत सोपी: काही न वाजवता ट्विटरपासून हातभर अंतरावर कान न्या. तिथे ऐकू आलं तर रात्रीच्या शांततेत पलंगावरही येईल.

फिल्टर, स्पीकर आणि आप्पांचे कान

आता तो लक्षात ठेवलेला फिल्टर. कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर बनवताना पुढे अमुक ओहमचा स्पीकर असेल असं धरलेलं असतं. ४ ओहमसाठी बेतलेल्या फिल्टरला ८ ओहमचा स्पीकर लावला की वरची पट्टी, म्हणजे १० हजार हर्ट्झच्या पुढचा भाग, उचलला जातो. उलट केलं तर दबतो. म्हणूनच एकाच ॲम्पबद्दल एक जण 'टोचरा आवाज' म्हणतो आणि दुसरा 'मऊ आवाज'. दोघेही खरं बोलत असतात, स्पीकर वेगळे असतात.

यावर उपाय म्हणजे फिल्टरच्या पुढून सिग्नल परत घेऊन चूक सुधारणं. याला पीएफएफबी म्हणतात. हायपेक्स-प्युरिफायमध्ये फिल्टरनंतरचा फीडबॅक मूळ रचनेतच आहे. टीपीए३२५५ च्या काही नव्या ॲम्पमध्येही तो आलाय, उदाहरणार्थ फोसीचा व्ही३ मोनो. साध्या व्ही३ मध्ये नाही.

मी आप्पांसाठी पीएफएफबीवालाच घ्यायचा असं ठरवत होतो. मग सहज म्हणून फोनवर टोन जनरेटर ॲप टाकलं, चांगला हेडफोन लावला आणि आप्पांना म्हटलं, "ऐकू आलं की हात वर करा." माझा हात १६ हजार हर्ट्झपर्यंत वर होता. आप्पांचा ८ हजाराच्या आधीच खाली आला. ४ हजारालाही आवाज बराच वाढवावा लागला.

आम्ही दोघं थोडा वेळ काही बोललो नाही. मग आप्पाच म्हणाले, "वर्गात मागच्या बाकावरची पोरं काय कुजबुजतात ते रिटायर व्हायच्या आधीपासूनच कळत नव्हतं मला."

वय वाढलं की वरची पट्टी आधी जाते, हे बहुतेकांचं होतं. पण शब्दांमधले स, श, त, फ हे उच्चार याच वरच्या भागावर टिकून असतात. म्हणून आप्पांना आवाज ऐकू येतो, पण शब्द लागत नाहीत. म्हणून ते आवाज वाढवतात. म्हणून ॲम्प फाटतो. फोनवरची चाचणी म्हणजे डॉक्टरी तपासणी नव्हे, त्यामुळे नंतर सोलापूरला कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन रीतसर ऑडिओमेट्री करून आलो. तुमच्या घरी कुणी टीव्हीचा आवाज सतत वाढवत असेल, तर साउंडबारच्या आधी हे करा.

ॲम्पच्या निवडीपुरतं सांगायचं तर, पीएफएफबी ज्या पट्टीत फरक पाडतो ती पट्टी आप्पांना ऐकूच येत नाही. त्यांच्यासाठी साधं ट्रेबलचं बटण जास्त कामाचं. आणि ते त्या दोन हजारांच्या ॲम्पवर आधीच होतं.

ॲम्प मधेच बंद का पडत होता?

फाटण्याचं कारण कळलं, बंद पडण्याचं राहिलं होतं. मी दोन दिवस ॲम्पच खराब आहे असं धरून चाललो. चूक माझी होती.

जुन्या ॲम्पपासून दोन्ही बॉक्सपर्यंत भिंतीतून तीन तारांची एकच वायर टाकलेली होती: डावा पॉझिटिव्ह, उजवा पॉझिटिव्ह आणि दोघांत मिळून एक निगेटिव्ह. जुन्या ॲम्पमध्ये दोन्ही निगेटिव्ह आतून एकच असतात, त्यामुळे पंचवीस वर्षं सगळं सुरळीत चाललं. ब्रिज पद्धतीच्या क्लास-डीमध्ये निगेटिव्ह हा ग्राउंड नसतो. तिथेही सिग्नल असतो. दोन्ही बाजूंचे निगेटिव्ह एकत्र जोडणं म्हणजे दोन आउटपुट एकमेकांवर शॉर्ट करणं. हळू आवाजात निभावतं. थाप पडली की चिप स्वतःला वाचवायला बंद होते. माझ्या बोर्डातलं संरक्षण चाललं हे नशीब.

तेव्हा नियम: चार तारा, दोन स्वतंत्र जोड्या. निगेटिव्ह एकमेकांना जोडायचे नाहीत, ॲम्पच्या बॉडीला टेकवायचे नाहीत, त्यावर हेडफोन लावायचा नाही. पुण्याला तपकीर गल्लीतून तांब्याची साधी दोनपदरी वायर आणली. घरातल्या अंतराला दीड चौरस मिलिमीटरची पुरते. हजारो रुपयांच्या 'ऑडिओफाइल' केबलची गरज नाही.

गावाकडच्या घरात आणखी काय बघायचं

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये हे प्रश्न सुचत नाहीत. तामलवाडीत रोज भेटतात.

*व्होल्टेज.* चांगला अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज १७० वर आलं तरी ॲम्पला पत्ता लागत नाही. जुना ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प अशा वेळी मंद व्हायचा. पण न्यूट्रल तुटून व्होल्टेज चढलं तर हाही वाचणार नाही. फरक एवढाच की बहुधा अडॅप्टर जातो आणि ॲम्प राहतो. वापर नसताना प्लग काढून ठेवा.

*अडॅप्टरवरची खूण.* त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते बघा. नसेल तर ॲम्प कितीही चांगला असो, तो अडॅप्टर घरात लावू नका.

*अर्थिंग.* दोन पिनच्या अडॅप्टरवर ॲम्पच्या धातूच्या बॉडीला बोट लावलं की कधी कधी झिणझिण्या येतात किंवा स्पीकरमधून बारीक गुणगुण येते. तीन पिनचा अडॅप्टर आणि खरंच जमिनीपर्यंत गेलेलं अर्थिंग, हा त्यावरचा उपाय.

*उष्णता.* आमच्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. क्लास-डी पूर्ण जोरात ९० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतो. क्लास-एबीची कागदावरची कमाल साडेअठ्ठ्याहत्तर टक्के, आणि हळू आवाजात तर ती खूपच खाली येते. म्हणून छोट्या डबीला पंखा लागत नाही. तरी ती बंद कपाटात कोंडू नका.

*इन्व्हर्टर.* आमचा सेट नेहमीच्या आवाजात १० वॅटच्या आसपास वीज घेतो, एखाद्या एलईडी बल्बएवढी. लाईट गेली तरी भजन थांबत नाही.

*रेडिओ.* हे मला माहीत नव्हतं, आप्पांनी दाखवलं. ॲम्प चालू असताना शेजारच्या ट्रान्झिस्टरवर मीडियम वेव्ह लावली की शिट्टीसारखा आवाज येतो. क्लास-डीची उघडझाप ज्या वेगाने होते, तो वेग आणि मीडियम वेव्हचा पट्टा एकमेकांच्या शेजारी आहेत. रेडिओ दोन हात लांब ठेवला की झालं.

शेवटी काय घेतलं?

तामलवाडीत: तोच दोन हजारांचा ॲम्प. फक्त १२ व्होल्टच्या जागी माझ्या जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ ॲम्पिअरचा चार्जर. म्हणजे ६५ वॅट. लावण्याआधी तीन गोष्टी तपासल्या: ॲम्पवर किती व्होल्ट चालतात ते लिहिलेलं आहे का, पिनचा मधला भाग पॉझिटिव्ह आहे का, आणि बोर्डावरचे मोठे कपॅसिटर किती व्होल्टचे आहेत. माझ्या बोर्डावर २५ व्होल्टचे होते. त्यामुळे १९ चालतात, २४ दिले नाहीत. २४ द्यायचे तर ३५ व्होल्टचे कपॅसिटर हवेत. खर्च शून्य.

चौदा हजारातले थोडे पैसे मात्र बॉक्सवर खर्च केले. वूफरच्या कडेचा फोम कुजला होता, तो सोलापुरात बदलून घेतला. आवाजात सगळ्यात मोठा फरक त्यानेच पडला. कोणत्याही चिपपेक्षा जास्त.

पुण्यात: माझे स्वतःचे बुकशेल्फ स्पीकर ४ ओहमचे आणि सेन्सिटिव्हिटीला कमी आहेत. माझे कान अजून वरचं ऐकतात. तिथे मी टीपीए३२५५ चा ॲम्प घेतला, ३२ व्होल्टच्या अडॅप्टरसोबत. फ्लॅटमध्ये ४८ व्होल्टचा जोर वापरायची वेळ शेजारी येऊ देणार नाहीत.

एकाच घरातले दोन माणसं, दोन वेगळी उत्तरं. म्हणून 'बेस्ट क्लास-डी ॲम्प कोणता' असं शोधण्याआधी या क्रमाने चला:

१. स्पीकर किती ओहमचे, सेन्सिटिव्हिटी किती, त्यांचे फोम-ट्विटर ठीक आहेत का.
२. खोली केवढी, बसता किती लांब, आणि ऐकणाऱ्याचे कान कसे आहेत.
३. त्यावरून किती वॅट लागतात, आणि त्यासाठी किती व्होल्ट-ॲम्पिअरचा अडॅप्टर हवा.
४. वायरच्या दोन स्वतंत्र जोड्या आहेत ना.
५. मग चिप, पीएफएफबी, ब्लूटूथ, दिसणं वगैरे.

आम्ही बहुतेक जण यादी पाचपासून वाचायला सुरुवात करतो. मीही तेच केलं होतं.

परवा व्हिडिओ कॉल केला तेव्हा मागे भजन चालू होतं आणि आप्पा खुर्चीत टेकून बसले होते. फोन आईच्या हातात होता. म्हटलं, "आप्पा, आवाज पुरतो ना?" तर म्हणाले, "पुरतो की. शब्द लागायला लागलेत, म्हणून थोडा कमीच केलाय."